वजन उतरलं, पण ते राखायचं कुणाच्या खर्चानं?

केरी (नॉर्थ कॅरोलायना), जानेवारी २०२६ : नोव्हेंबरच्या मध्यावर ऑफिसातून दरवर्षीची ती मेल आली. अमेरिकेत हे दिवस 'ओपन एनरोलमेंट'चे, म्हणजे पुढच्या वर्षाचा आरोग्यविमा निवडायचे. माझी पद्धत ठरलेली आहे. मागच्या वर्षी जे घेतलं होतं तेच पुन्हा टिक करायचं आणि चहा करायला उठायचं. या वेळी मात्र बदलांच्या यादीत सातव्या की आठव्या क्रमांकावर एक ओळ होती : १ जानेवारी २०२६ पासून केवळ वजन कमी करण्यासाठी घेतल्या जाणाऱ्या औषधांचा खर्च या योजनेतून मिळणार नाही. चहा राहिला.

आमच्या फ्रीजच्या दारात, लिंबाच्या लोणच्याच्या बरणीशेजारी, टिर्झेपटाइडच्या इंजेक्शनांचा खोका असतो. इथं ते 'झेपबाउंड' या नावानं मिळतं; भारतात तेच औषध 'मौंजारो'. मार्च २०२४ मध्ये सुरू केलं तेव्हा माझं वजन ९४ किलो होतं, उंची पाच फूट आठ इंच आणि एचबीए१सी ६.२, म्हणजे मधुमेहाच्या उंबरठ्यावर. वडिलांना पन्नाशीच्या आत मधुमेह झाला, आजोबांचा पाय त्यातच गेला, त्यामुळे डॉक्टरांना फार समजवावं लागलं नाही. सव्वा वर्षात १९ किलो उतरले. दर महिन्याला माझ्या खिशातून ४० डॉलर जायचे, बाकीचं विम्यातून भागत होतं. ते 'बाकीचं' किती आहे हे मी कधी नीट पाहिलंच नव्हतं.

वजनापेक्षा मला जाणवलेला बदल वेगळाच होता आणि तो घरच्यांना सांगताना माझी धांदल उडते. इंग्रजीत त्याला 'फूड नॉइज' म्हणतात, मी त्याला गलका म्हणतो. सकाळच्या स्टँडअप मीटिंगमध्ये दुपारच्या डब्याचा विचार, दुपारी जेवताना चारच्या चहाबरोबर काय असेल याचा, आणि रात्री लॅपटॉप मिटला की स्वयंपाकघरातला कुठला डबा कुठल्या फळीवर आहे याचा नकाशा डोक्यात. मला वाटायचं हे सगळ्यांचंच चालतं, आपण तेवढे मनाचे कच्चे. पहिल्या काही आठवड्यांतच एका संध्याकाळी लक्षात आलं, की कुणाच्या तरी वाढदिवसाचा केक दिवसभर माझ्या टेबलामागे होता आणि मी तो विसरून गेलो होतो. तेव्हा कळलं की कच्चेपणा वगैरे काही नव्हतं, आवाजच मोठा होता.

असो. माझ्या एकट्याची गोष्ट असती तर या सदरासाठी लिहायला बसलो नसतो. इथं हा विषय आता प्रत्येक कंपनीच्या एचआरपासून व्हाइट हाऊसपर्यंत पोहोचलाय. २०२४ च्या केएफएफच्या पाहणीत दर आठ प्रौढ अमेरिकनांपैकी एकानं या गटातलं औषध कधी ना कधी घेतल्याचं सांगितलं होतं. माणसं वाढली तसं बिल वाढलं. वेगोवीची छापील किंमत महिन्याला १३४९ डॉलर होती. आमच्याच राज्याचं उदाहरण घ्या. नॉर्थ कॅरोलायनाचे शिक्षक, सरकारी कर्मचारी आणि निवृत्त लोक मिळून सुमारे साडेसात लाख जण राज्याच्या आरोग्य योजनेत आहेत. २०२३ मध्ये या औषधांवर योजनेचे सुमारे १० कोटी डॉलर गेले आणि १ एप्रिल २०२४ पासून वजनासाठीचं हे औषध योजनेनं बंदच केलं. जे आधीपासून घेत होते त्यांचंही. गंमत म्हणजे इथून पाऊण तासावर क्लेटन गावात नोव्हो नॉर्डिस्कचा प्रचंड कारखाना आहे आणि त्याच वर्षी जूनमध्ये कंपनीनं तिथं ४.१ अब्ज डॉलर घालून विस्तार जाहीर केला. म्हणजे इंजेक्शन भरणार इथं आणि इथल्याच शाळेतल्या बाईंना ते परवडणार नाही.

तेव्हापासून ही रांग वाढतेच आहे. कॅलिफोर्नियाच्या मेडी-कॅलनं या १ जानेवारीपासून प्रौढांचं वजनासाठीचं औषध थांबवलं. ज्येष्ठांच्या मेडिकेअरला तर २००३ च्या कायद्यानंच वजनाच्या औषधांना मनाई आहे. दुसऱ्या बाजूला किमती उतरतायत. नोव्हेंबर २०२५ मध्ये ट्रम्प सरकारनं लिली आणि नोव्हो या दोन्ही कंपन्यांशी करार केला. विम्याशिवाय थेट कंपनीकडून घेतलं तर वेगोवी आता महिना ३४९ डॉलरला मिळतं, झेपबाउंडच्या बाटल्या डोसाप्रमाणे २९९ ते ४४९ डॉलरला. डिसेंबरात वेगोवीची गोळी मंजूर झाली आणि या महिन्यात ती १४९ डॉलरपासून बाजारात आली. टीव्हीवर जाहिराती सुरूच आहेत. '१४९' हा आकडा एवढा मोठा दिसतो की 'पासून' हा शब्द दिसतच नाही. तो भाव सुरुवातीच्या सगळ्यात लहान डोसाचा आहे.

मला यातलं सगळ्यात खटकतं ते हे. विमा कंपनी असो, सरकार असो की व्हॉट्सअ‍ॅपवरचे आमचे मित्र, सगळे जण या औषधाचा हिशेब अँटिबायोटिकच्या कोर्ससारखा करतात. सुरू कधी करायचं, किती उतरेल, महिना किती पडेल. तिसऱ्या वर्षी काय, हे कुणी विचारत नाही. आणि या सगळ्या प्रकरणात खरा प्रश्न तिसऱ्या वर्षाचाच आहे. वजन उतरवण्याचे मार्ग आपल्याकडं पूर्वीपासून होते. उपास होते, दोन वेळा जेवायचा दीक्षित पॅटर्न होता, दर दोन तासांनी खायचा दिवेकर पॅटर्न होता. आमच्या नात्यात दोन्हीकडचे कट्टर लोक आहेत आणि दोन्हीकडं वजनं उतरलेली मी पाहिली आहेत. दोन वर्षांनी त्याच लोकांचे लग्नातले फोटो पाहिले की काय ते कळतं.

असं का होतं, याचं उत्तर संशोधकांकडं बरंच आहे. ऑस्ट्रेलियातल्या मेलबर्नमध्ये ५० जणांना दहा आठवडे अगदी कमी कॅलरीचा आहार दिला आणि त्यांच्या रक्तातली भुकेची हॉर्मोन्स मोजली. २०११ मध्ये तो अभ्यास प्रसिद्ध झाला. वजन उतरल्यावर भूक वाढवणारं घ्रेलिन वाढलं होतं, पोट भरल्याचं सांगणारी लेप्टिनसारखी हॉर्मोन्स घटली होती. हे अपेक्षितच. पण वर्षभरानंतर पुन्हा मोजलं तरी गाडी मूळ जागी आली नव्हती. वर्ष उलटून गेलं, थोडं वजन परतही आलं, तरी शरीर दुष्काळ पडल्यासारखंच वागत होतं.

दुसरा अभ्यास तर माझ्यासारख्या कॉम्प्युटर इंजिनिअरला वाचून उभं राहायला लावणारा आहे. केव्हिन हॉल हे मूळचे भौतिकशास्त्राचे माणूस, अनेक वर्षं अमेरिकेच्या राष्ट्रीय आरोग्य संस्थेत होते. त्यांना आणि सहकाऱ्यांना मोजायचं होतं की वजन उतरलं की भूक नेमकी किती वाढते. अडचण अशी, की डाएट करणारा माणूस मुद्दाम कमी खात असतो, मग भूक मोजणार कशी? त्यांनी एक सुंदर वाट काढली. मधुमेहाचं कॅनाग्लिफ्लोझिन नावाचं औषध आहे. त्यानं रोज सुमारे ९० ग्रॅम साखर लघवीवाटे बाहेर जाते, म्हणजे जवळपास ३६० कॅलरी. माणसाला ते कळतही नाही. ते औषध वर्षभर घेणाऱ्या १५३ जणांची वजनं पाहिली. रोज एवढ्या कॅलरी गळत असताना वजन उतरतच जायला हवं होतं. ते तीन-चार किलोंवर येऊन थांबलं. कारण ही माणसं नकळत जास्त खायला लागली होती. गणित करून आकडा निघाला तो असा : उतरलेल्या प्रत्येक किलोमागे भूक रोज सुमारे १०० कॅलरींनी वाढते. शरीराचा खर्च कमी होतो तो किलोमागे फक्त २०-३० कॅलरी.

आमच्या धंद्यात याला फीडबॅक कंट्रोल म्हणतात. गिझरचा थर्मोस्टॅट डोळ्यांसमोर आणा. पाणी जितकं गार, तितका जास्त वेळ तो चालू राहतो. दहा किलो उतरवलेल्या माणसाचं शरीर रोज हजारेक कॅलरी जास्त मागतंय असं धरा. तेल लावलेल्या आठ-नऊ पोळ्या झाल्या. हिशेब तंतोतंत असाच चालतो असं नाही, पण अंदाज यावा म्हणून सांगितलं. शिवाय ही मागणी एक दिवसाची नाही, आज, उद्या, दिवाळीत, डेडलाइनच्या रात्री, मूल आजारी असताना, सगळ्या दिवशी. 'मनावर घेतलं की जमतं' हे पहिले सहा महिने खरं असतं. त्यानंतर मन एका बाजूला आणि कधीही सुट्टी न घेणारा कंट्रोलर दुसऱ्या बाजूला. मला विचाराल तर सामना बरोबरीचा नाही.

ही नवी औषधं नेमकी त्या कंट्रोलरशी बोलतात. जेवल्यावर आपल्या आतड्यातून जीएलपी-१ नावाचं हॉर्मोन सुटतं आणि मेंदूला कळवतं की पुरे. नैसर्गिक हॉर्मोन काही मिनिटांत विरघळून जातं. सेमाग्लुटाइडचा निम्मा भाग आठवडाभर रक्तात टिकतो, टिर्झेपटाइडचा पाच दिवस. म्हणून आठवड्याला एक इंजेक्शन पुरतं. परिणाम मोठे आहेत यात शंका नाही. सेमाग्लुटाइडच्या १९६१ जणांवरच्या चाचणीत ६८ आठवड्यांत सरासरी १४.९ टक्के वजन उतरलं. पण थर्मोस्टॅटची कळ औषध असेपर्यंतच खाली राहते. त्याच चाचणीतल्या ३२७ जणांवर औषध थांबवून वर्षभर लक्ष ठेवलं, तर उतरलेल्या वजनातलं दोन तृतीयांश परत आलं. टिर्झेपटाइडच्या चाचणीत सगळ्यांना आधी ३६ आठवडे औषध दिलं, सरासरी २०.९ टक्के वजन उतरलं. मग निम्म्यांना न सांगता नुसतं पाण्यासारखं इंजेक्शन दिलं. वर्षभरात त्यांचं वजन १४ टक्क्यांनी वाढलं, औषध चालू असलेल्यांचं आणखी साडेपाच टक्क्यांनी उतरलं. जागतिक आरोग्य संघटनेनं गेल्या १ डिसेंबरला या औषधांबद्दल पहिली मार्गदर्शक सूचना काढली, तिच्यातही लठ्ठपणाला जुनाट आजार म्हटलंय आणि औषधाचा विचार दीर्घकाळासाठी केलाय.

मला हे आकडे वाचायच्या आधीच अनुभवानं कळलं होतं. गेल्या जूनमध्ये सहा आठवडे सांगलीला गेलो. वजन ७५ वर होतं. इंजेक्शनं गार ठेवायची कटकट, त्यात आंब्याचे शेवटचे दिवस, आणि मनात एक खुमखुमी, की आता आपल्याला सवय लागली आहे, आता जमेल. नेली नाहीत. आई विमानतळावर पाहताच म्हणाली, "अरे, किती वाळलास! तिकडं खायला घालत नाहीत काय?" पहिले दोन आठवडे छान गेले. दोन पोळ्यांवर हात धुवून उठायचो, मावशी रागवायच्या. चौथ्या आठवड्यात एका रात्री साडेअकराला मी अंधारात लाडवांच्या डब्याचं झाकण आवाज न करता कसं उघडायचं याचा प्रयत्न करत होतो. अडतीस वर्षांचा, दोन मुलींचा बाप. गलका परत आला होता, आणि आधीपेक्षा मोठा. परत आलो तेव्हा काटा ७९ दाखवत होता.

आता यात आपल्यासारख्या परदेशी राहणाऱ्यांचा वेगळा पेच आहे, आणि तो इथल्या वर्तमानपत्रांत फारसा येत नाही. आपला विमा नोकरीला बांधलेला आणि नोकरी व्हिसाला. एच-१बी वर असताना नोकरी गेली तर नवी शोधायला साठ दिवस मिळतात. जुना विमा 'कोब्रा'खाली चालू ठेवता येतो, पण पूर्ण हप्ता स्वतः भरून. गेल्या वसंतात माझ्या एका मित्राची नोकरी गेली. घरभाडं, मुलाची फी, वकिलाची फी या यादीत इंजेक्शन कितवं येणार? त्यानं ते त्याच आठवड्यात थांबवलं. नोकरी लागायला चार महिने गेले आणि तोवर नऊ किलो परत आले होते. नव्या विम्यात हे औषध होतं, पण मंजुरीसाठी बीएमआय ३० च्या वर दाखवावा लागत होता. तो २९ पूर्णांक काहीतरी. "अजून दोन किलो वाढव, मग ये," असं कुणी स्पष्ट बोललं नाही, पण फॉर्मचा अर्थ तोच होता. आम्ही दोघं त्यावर खूप हसलो आणि मग बराच वेळ कुणी काही बोललं नाही.

विमा कंपन्यांची बाजूही थोडी समजून घ्यायला हवी. २०२३ मध्ये १७,६०४ हृदयरोग्यांवरची मोठी चाचणी प्रसिद्ध झाली. सेमाग्लुटाइडनं हृदयविकाराचा झटका, पक्षाघात अशा घटना २० टक्क्यांनी कमी झाल्या. म्हणजे फायदा खराच आहे. पण तो फायदा पाच-दहा वर्षांत उगवतो आणि इथला माणूस तीन-चार वर्षांत नोकरी बदलतो. आजच्या कंपनीनं महिना हजार डॉलर घालायचे आणि टळलेल्या बायपासची बचत पुढच्या कंपनीच्या खात्यात. अशा हिशेबात कोण पडेल? म्हणून हा प्रश्न एकेका मालकाच्या दयेवर सोडला तर सुटणार नाही, असं माझं मत झालंय. मग नोव्हेंबरमधल्या करारानं तो सुटतो का? थोडासा. पण किंमत खाली आणणं आणि औषध अखंड मिळत राहील याची हमी देणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. चालू-बंद, चालू-बंद करत राहणं मला सगळ्यात वाईट वाटतं.

त्याचं कारण पुण्यात सापडतं. केईएम रुग्णालयाचे डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांनी २००४ मध्ये 'लॅन्सेट'मध्ये स्वतःचा आणि ब्रिटिश सहकारी डॉ. जॉन युडकिन यांचा फोटो शेजारी शेजारी छापला होता. दोघांचा बीएमआय अगदी सारखा, २२.३. याज्ञिकांच्या शरीरात चरबी २१.२ टक्के, युडकिन यांच्या ९.१. आपली माणसं काट्यावर बारीक दिसतात आणि आत चरबी जास्त, स्नायू कमी. म्हणून तर आपल्याला कमी वजनात मधुमेह गाठतो. आता वजन झपाट्यानं उतरतं तेव्हा नुसती चरबी जात नाही, स्नायूंचाही त्यात पाव हिस्सा, कधी त्याहून जास्त, असतो. आणि औषध थांबवल्यावर परत येतं ती मुख्यतः चरबी. ज्याच्याकडं स्नायू आधीच बेताचे, त्यानं हा झोका दोन-तीनदा घेतला तर काट्यावर जुनाच आकडा दिसेल, पण आतला माणूस आधीपेक्षा वाईट अवस्थेत असेल. ही भीती मी माझ्या डॉक्टरांना बोलून दाखवली, तर त्यांनी औषधाबद्दल न बोलता आधी विचारलं, "वजनं उचलता का?" मी नाही म्हणालो. "मग तिथून सुरू करू."

हे सगळं सांगायचं निमित्त माझा मावसभाऊ. सांगलीतच असतो, तिशीचा, ८८ किलो, मे महिन्यात लग्न आहे. दोन वर्षांपूर्वी असे निरोप आले की लोक म्हणायचे, येताना अमेरिकेतून इंजेक्शनं आण. आता त्याची गरज नाही. मौंजारो मार्च २०२५ मध्ये भारतात आलं, सुरुवातीला आठवड्याची बाटली साडेतीन हजाराला होती, आणि ऑक्टोबरपर्यंत ते विक्रीच्या रकमेत देशातलं पहिल्या क्रमांकाचं औषध झालं. वेगोवी जूनमध्ये आलं आणि वर्षाअखेर त्याची किंमत कंपनीला उतरवावी लागली. येत्या मार्चमध्ये भारतातलं सेमाग्लुटाइडचं पेटंट संपतंय आणि देशी कंपन्या रांगेत उभ्या आहेत. भाव आणखी पडणार हे उघड आहे. इथले काही मित्र तर उलटा विचार करतायत, की मार्चनंतर आईबाबा येतील तेव्हा तिकडून मागवू. अमेरिकेतलं पेटंट आणखी काही वर्षं आहे, आणि इथं मंजूर नसलेलं औषध असं आणणं एफडीएच्या नियमात बसत नाही, हे त्यांना माहीत आहे. शिवाय विमानाच्या सामानात ते गोठलं तर फेकूनच द्यायचं. तरी मोह होतो, माझ्याही मनात येऊन गेलंय, खोटं कशाला बोलू.

मावसभावाचा मेसेज होता, "दादा, लग्नापर्यंत तीन महिने घेतो. चेहरा जरा उतरला पाहिजे फोटोत. मग बंद." मी त्याला फोन लावला. औषध वाईट आहे असं मी म्हटलं नाही, मीच घेतो तर कुठल्या तोंडानं म्हणणार? इंजेक्शन घेऊन बारीक होणं म्हणजे कॉपी करून पास होणं, असं मानणाऱ्यातलाही मी नाही. माझे वडील बावीस वर्षं रक्तदाबाची गोळी घेतात, त्यांना कुणी विचारत नाही की कधी सोडणार. पण त्यांची गोळी दिवसाला काही रुपयांची आहे आणि कुठल्याही मेडिकलमध्ये मिळते. मी भावाला एवढंच विचारलं, की मेमध्ये बंद करशील, मग पंगती, मग सासरचे आहेर, मग अधिक महिन्याचे जावयाचे लाड, नेमकी तेव्हा तुझी भूक आजच्यापेक्षा मोठी होऊन परत येईल. तेव्हाची काय तयारी? आणि साखर तपासली आहेस का? तपासली नव्हती. मळमळ, बद्धकोष्ठता होते, क्वचित पित्ताशयाचे खडे होतात, हेही त्याला कुणी सांगितलं नव्हतं. ओळखीच्या जिमवाल्यानं नाव सुचवलं होतं.

माझं म्हणाल तर डिसेंबरात आम्ही नवरा-बायको एक्सेल शीट उघडून बसलो. सहा महिन्यांपूर्वी विचारलं असतं तर मी म्हटलं असतं, सोडतो. सांगलीच्या त्या लाडवांच्या रात्रीनंतर तसं म्हणवत नाही. एचबीए१सी ५.५ वर आलाय. मधुमेह झाला असता तर विम्यानं वेगळ्या नावाखाली हेच औषध चालू ठेवलं असतं. तो होऊ दिला नाही म्हणून बंद. डॉक्टर म्हणाले, पूर्ण डोसाऐवजी ५ मिलिग्रॅमवर टिकतं का पाहू. कंपनीकडून थेट ती बाटली ३९९ डॉलरला येते, पेन नाही, सिरिंजनं भरून घ्यायची. वर्षाचे झाले ४७८८ डॉलर. आमच्या चौघांच्या भारतवारीच्या तिकिटांतला मोठा वाटा. बायको म्हणाली, "घे, पण व्यायामाचं मी लिहून ठेवणार."

त्या लिहून ठेवण्याला आधार आहे. डेन्मार्कमध्ये एक चाचणी झाली. आधी डाएटनं वजन उतरवलं, मग वर्षभर काहींना याच गटातलं जुनं औषध लिराग्लुटाइड, काहींना देखरेखीखाली व्यायाम, काहींना दोन्ही. सगळं थांबवल्यावर वर्षानं पाहिलं तर नुसतं औषध घेणाऱ्यांचं वजन जास्त परत आलं होतं, व्यायाम केलेल्यांचं कमी. अमेरिकेत १९९४ पासून एक नोंदवही चालते, किमान तीस पौंड उतरवून वर्षभर टिकवलेल्या हजारो लोकांची. त्यांच्यात बहुतेक जण रोज तासभर हालचाल करतात आणि नियमानं वजन करतात. त्या नोंदवहीत जिंकलेलेच लोक आहेत, हरलेले नाव नोंदवत नाहीत, हे ध्यानात ठेवून वाचावं. तरीही मी आठवड्यातून तीन दिवस गॅरेजमध्ये डंबेल्स उचलतो, बाकी दिवशी घरामागच्या ग्रीनवेवर चालतो. जेवणात भाताआधी वाटीभर उसळ किंवा अंडी. रविवारी सकाळी काटा. ७८ च्या वर गेला तर डॉक्टरांना मेल करायची, स्वतःला शिव्या द्यायच्या नाहीत, असं ठरलंय. आज ७६.५ आहे. गलका अगदीच गेला नाही, पण बारीक झालाय, शेजारच्या खोलीत टीव्ही चालू असल्यासारखा. शीटमध्ये २०२८ च्या रकान्यात मी अजून आकडा घातलेला नाही. ग्रीन कार्डाचा रकानाही तसाच रिकामा आहे.

परवा मावसभावाचा पुन्हा मेसेज आला. साखर तपासली, जेवणाआधीची ११८ आली. आता सांगलीतल्या डॉक्टरांची वेळ घेतली आहे, जिमवाल्याला नाही म्हणून सांगितलं. "दादा, त्यांना तिसऱ्या वर्षाचं विचारतो," असं लिहिलंय, आणि खाली विचारलंय की संक्रांतीला गुळाच्या पोळ्या चालतात का. मी म्हटलं, एक. तुपासकट.